अकरा जणांच्या सरासरीची सीट

नवी स्कूटर दारात आल्याच्या तिसऱ्या दिवशी, चौथ्या किलोमीटरला, वहिनी "जरा थांबवा" म्हणाल्या. भाऊसाहेबांनी थांबवली. वहिनी खाली उतरल्या, पर्स खांद्याला अडकवली, मागून येणाऱ्या बसला हात दाखवला आणि तिच्यात चढून बसल्या. भांडण नाही, रुसवा नाही. बहिणीकडे जायचं होतं, त्या बसने निघाल्या, एवढंच.

अशा वेळी नवऱ्याने काय करावं याचं शिक्षण कुठल्याच शाळेत मिळत नाही. भाऊसाहेबांना सुचलं ते त्यांनी केलं. ते बसच्या शेजारून निघाले. सिग्नल आला की बस थांबे, स्कूटर थांबे, आणि भाऊसाहेब मान वर करून खिडकीशी बोलत.

"बरी आहेस ना?"

"मी बसमध्ये आहे हो. दवाखान्यात नाही."

पुढच्या सिग्नलला, "पाणी हवंय का?"

"पुढे बघा. हिरवा झालाय."

वहिनींच्या शेजारच्या बाई शेवटी न राहवून त्यांच्या कानाशी लागल्या. "तो माणूस मघापासून तुमच्या मागावर आहे. कंडक्टरला सांगू का?"

वहिनींनी खिडकीतून एकदा खाली पाहिलं. "नको," त्या म्हणाल्या. "निरुपद्रवी आहेत."

हे वहिनींनीच बहिणीच्या घरी गेल्यावर हसत हसत सांगितलं, आणि बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊसाहेबांच्या साडूंनी, ते ज्याला त्याला फोन करून सांगितलं. म्हणून तर ते आपल्याला कळलं. भाऊसाहेब स्वतः तिथे पोचले तासाभराने. पुलाखाली बस उजवीकडे वळली आणि हे सरळ गेले ते थेट एका शीतगृहाच्या फाटकाशी निघाले. तिथल्या रखवालदाराने विचारलं, "माल आणलाय की न्यायचाय?" आरसे नवे, हँडल नवं, त्यामुळे अंदाज चुकला, असं भाऊसाहेबांनी सगळ्यांना सांगितलं. साडू "असेल, असेल" म्हणाले. 'असेल' हा शब्द साडूंच्या तोंडून जितका वाईट लागतो तितका दुसऱ्या कोणाच्याच तोंडून लागत नाही.

भाऊसाहेब वजनमापे तपासणाऱ्या सरकारी कचेरीत वरिष्ठ निरीक्षक होते. दुकानातली वजनं, मापं, काटे, टेप खरे की खोटे हे बघायचं आणि खरे असतील तर त्यावर खात्याचा गोल शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. हा शिक्का त्यांनी एकोणतीस वर्षांत एकदाही कामाशिवाय उचलला नव्हता. कचेरीतली टाचणीसुद्धा चुकून शर्टाला लागून घरी आली तर दुसऱ्या दिवशी ते ती परत नेत. कामात त्यांचा एकच नियम होता: एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही. निदान तीनदा मोजायचं आणि सरासरी काढायची. घरी भिंतीवर खिळा ठोकायचा तरी तीन जागा मोजून मधली पकडत. तीन भोकं पडल्यावर वहिनी तिथे कॅलेंडर लावत.

जुनी छोटी स्कूटर सव्वीस वर्षं चालली. तिच्यावरून दोघं कुठे गेले नाहीत असं नाही. पण आता दोघांच्याही कमरा कुरकुरू लागल्या होत्या, म्हणून भाऊसाहेबांनी ही मधल्या आकाराची घेतली. धड छोटी नाही, धड मोटरसायकल नाही. मोठी चाकं, रुंद सीट, आणि बरोबर चौऱ्याऐंशी पानांची माहितीपुस्तिका. भाऊसाहेबांनी ती हातात पेन्सिल घेऊन वाचली. कुठल्या बाजूने चढायचं, पाय कुठे ठेवायचा, हाताने कुठे धरायचं, हे सगळं पहिल्याच दिवशी वहिनींना पुस्तिकेबरहुकूम समजावून सांगितलं. सव्वीस वर्षं मागे बसलेल्या बाईला. वहिनींनी ते ऐकून घेतलं होतं.

आणि आता त्या मागे बसायला तयार नव्हत्या. भाजीला पायी, बँकेत बसने, भावाकडे रिक्षाने. "तुम्ही जा पुढे, मी येते," एवढंच. बायकोने सांगितलेलं कारण खोडता येतं, न सांगितलेलं कसं खोडणार? भाऊसाहेबांनी आपल्या परीने चौकशी केली. "सीट टोचते का?" त्यांनी विचारलं. "सीटचं काय?" वहिनी म्हणाल्या. भाऊसाहेबांनी वहीत लिहिलं: सीट.

एवढ्यावरही निभावलं असतं. पण आठवड्याने साडूंचा फोन आला. पंधरा दिवसांनी येणाऱ्या रविवारी सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरचं दीपगृह बघायला जायचं ठरलं होतं. "ताई आमच्या गाडीत बसतील," साडू म्हणाले. "गार हवा आहे, उशी आहे, गाणी आहेत. तुम्ही या की मागून, तुमच्या त्या घोड्यावरून."

भाऊसाहेबांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "बघू."

या 'बघू'ने भाऊसाहेबांना जेवण गेलं नाही. सव्वीस वर्षं जी जागा भरलेली होती ती रिकामी घेऊन, साडूंच्या गाडीचा धूर खात, एकट्याने दीपगृहापर्यंत जायचं? त्यांना खरोखर वाईट वाटलं. नुसता अपमान असता तर त्यांनी गिळला असता, नोकरीत सवय होती. पण मागे कोणी नसलं की स्कूटर कशी हलकी, उडाणटप्पू वाटते, हे त्यांना त्या आठवड्यात कळलं होतं. पंधरा दिवसांत सीट अशी करायची की वहिनींनी साडूंच्या उशीकडे ढुंकून बघू नये, असं त्यांनी ठरवलं.

भाऊसाहेबांनी ठरवलं म्हणजे बिल्डिंगला कळलं, आणि बिल्डिंगला कळलं म्हणजे संध्याकाळी स्कूटरभोवती सभा भरली. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "दुखतं कुठे ते विचारल्याशिवाय मी तर दातालासुद्धा हात लावत नाही. वहिनींना नीट बसून एकदा..."

"पाठीला टेका हवा!" दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडबाई मध्येच कडाडल्या. शाळा सुटून नऊ वर्षं झाली तरी त्यांच्यापुढे कोणी वाक्य पुरं करत नसे. "टेका, आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला दांड्या. ताठ बसलं की निम्मी दुखणी पळतात."

डॉक्टर गप्प झाले. पुढे पंधरा दिवस ते कुठल्याच विषयावर बोलले नाहीत.

सीटवाल्याचं दुकान बाजाराच्या टोकाला. तिथे जाताना भाऊसाहेब दोनदा चुकले आणि एकदा प्रसूतिगृहाच्या आवारात शिरले. सीटवाला फोमच्या ढिगाऱ्यावर मांडी घालून बसला होता. "साहेब, माझ्या सीटवर बसलेला माणूस आपणहून उठत नाही," तो म्हणाला. "पण मला बसणाऱ्याचा ठसा लागतो. परातीत ओली वाळू घ्यायची, सपाट करायची, त्यावर माणूस बसवायचा. ठसा आणा, तशी सीट कापतो."

भाऊसाहेबांना ही शास्त्रीय पद्धत मनापासून पटली. घरी येऊन त्यांनी परात काढली.

"कणकेच्या परातीत वाळू?" वहिनी म्हणाल्या. "आणि मी त्यात बसू? मी काय वाण्याच्या दुकानातलं वजन आहे, मोजून शिक्का मारायला?"

परात परत गेली. वहिनी मोजू देत नाहीत म्हटल्यावर दुसरा कोणी मोजणं थांबवून त्यांच्याशी दोन शब्द बोलला असता. भाऊसाहेबांनी मोजण्या वाढवल्या. एक माप मिळत नसेल तर अनेक मापं घ्यावीत, सरासरी माणसाला जी सीट सोयीची तीच वहिनींनाही असणार, असा त्यांचा हिशेब. त्यांनी सीटवाल्याकडूनच एक मोठा ट्रे आणला आणि रविवारी सकाळी पार्किंगमध्ये वाळू भिजवली.

कॉलनीने असा रविवार पूर्वी पाहिला नव्हता. आपला मान पहिला म्हणून सोसायटीचे चेअरमन आधी बसले. मग डॉक्टर बसले, न बोलता. व्यायामशाळेचे मास्तर बसले तेव्हा वाळू ट्रेच्या बाहेर आली. हेडबाईंनी "सगळ्यांनी पाठ फिरवा" असा हुकूम दिला, सगळ्यांनी फिरवली, त्या बसल्या आणि उठताना "आता फिरा" म्हणाल्या. प्रत्येक ठशाची लांबी, रुंदी, खोली भाऊसाहेब तीनतीनदा मोजत आणि वहीत मांडत. अकरा माणसं झाली. बाराव्या ठशाला मांजर बसलं, ते त्यांनी प्रामाणिकपणे वगळलं. वर गॅलरीत वहिनी कपडे वाळत घालत होत्या. एकच टॉवेल त्यांनी चार वेळा झटकला, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं.

सीट झाली. टेका झाला, हातांच्या दांड्या झाल्या. अकरा जणांची सरासरी असलेली ती सीट त्यातल्या दहा जणांना बसेना. चेअरमन पुढे घसरत, डॉक्टर मागे. मास्तर मधोमध अडकत. फक्त हेडबाई तिच्यावर सिंहासनावर बसावं तशा बसल्या आणि "उत्तम" म्हणाल्या.

शिवाय मास्तरांच्या ठशाने सरासरीची खोली एवढी वाढली होती की फोमही तेवढाच घालावा लागला, आणि चालवणाऱ्याची सीटही त्याच थराची झाली. भाऊसाहेब चढले तेव्हा त्यांचे पाय जमिनीला लागेनात. पहिल्याच चौकात ते थांबले आणि मग सावकाश, घाई न करता, डावीकडे आडवे झाले. लागलं काहीच नाही. वाहतूक पोलिसाने उचलून उभं केलं आणि म्हणाला, "काका, झोप आली असेल तर घरी जाऊन झोपा."

आता सीट कापावी, असं तुम्ही म्हणाल. पण सीट ही अकरा माणसांच्या नव्व्याण्णव मोजण्यांमधून आलेली होती, ती चुकीची असणं शक्य नव्हतं. चूक भाऊसाहेबांच्या पायांत होती. त्यांनी चांभाराकडे जाऊन बुटांना तीन बोटं जाड तळ लावून घेतले. बूट उंच झाल्यावर पँटी आखूड दिसायला लागल्या, तेव्हा शिंप्याकडून पँटी खाली सोडून घेतल्या. बूट काढले की पँटी जमीन झाडायच्या, म्हणून भाऊसाहेब घरातही बूट घालून हिंडू लागले. स्कूटरच्या पुढच्या काचेची कड आता बरोबर डोळ्यांसमोर येई, आणि त्यांना प्रत्येक माणूस कमरेवर वेगळा आणि कमरेखाली वेगळा दिसे. स्कूटरचं काम संपून भाऊसाहेबांचं काम सुरू झालं होतं.

एवढं झाल्यावर कोणीही गप्प स्कूटर चालवली असती. त्यांना कोणी अडवलंही नव्हतं. पण वाहनात केलेला बदल सरकारदरबारी नोंदवायचा असतो, आणि नोंद नसलेलं माप म्हणजे भाऊसाहेबांच्या लेखी गुन्हा. ते रजा टाकून आपणहून वाहन कचेरीत गेले.

तिथला निरीक्षक स्कूटरभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "प्रकार काय लिहू?"

"आरामदायी स्कूटर."

"असा प्रकार यादीत नाही. दोनचाकी आहे, तीनचाकी आहे, शेतीची अवजारं आहेत." मग त्याला दया आली असावी. "बरं, रुंदी तेवढी बघू. नियमात बसत असेल तर करून टाकतो." त्याने खिशातून टेप काढली, दांडीपासून दांडीपर्यंत ताणली आणि म्हणाला, "बसते. काठावर आहे, पण बसते. आणा कागद."

दुसऱ्या कोणाचे डोळे आनंदाने पाणावले असते. भाऊसाहेबांचे डोळे टेपवर खिळले. "या टेपवर आमच्या खात्याचा शिक्का नाही," ते म्हणाले.

"काय?"

"पडताळणी न झालेल्या टेपने घेतलेलं माप ग्राह्य धरता येत नाही. तुम्हालाही, मलाही."

"अहो, तुमचंच काम होतंय!"

"म्हणूनच."

निरीक्षकाने टेप गुंडाळली. मग ती त्यांच्या हातावर ठेवली. "न्या. शिक्का मारून आणा. मग बघू."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आपल्याच कचेरीत आपल्याच खुर्चीवर बसून आपल्याच टेबलावर ती टेप तपासू लागले, तोच शिपाई म्हणाला, "साहेब, बाहेरची वस्तू खिडकीतून यावी लागते." नियम भाऊसाहेबांनीच लावलेला. ते उठले, बाहेर गेले, रांगेत दोन वजनवाल्यांच्या मागे उभे राहिले, खिडकीतून टेप दिली, पोच घेतली, आत आले, खुर्चीवर बसले आणि टेप तपासली. ती वापरून वापरून ताणलेली होती आणि माप कमी दाखवत होती. भाऊसाहेबांनी ती नापास केली, बाहेर जाऊन स्वतःला तसं कळवलं, नवी टेप आणली आणि पुन्हा रांगेत उभे राहिले.

शिक्का मारलेल्या खऱ्या टेपने स्कूटर दोन बोटं जास्त रुंद भरली.

"साहेब," वाहन कचेरीतला निरीक्षक फार गोड हसत म्हणाला, "जुन्या टेपने पास होत होती."

दोन्ही दांड्या तिथेच, कचेरीच्या अंगणात, करवतीने कापाव्या लागल्या. भाऊसाहेब कापलेल्या दांड्या कागदात गुंडाळून पायी स्कूटर ढकलत घरी निघाले. ती ढकलायची गरज नव्हती, पण त्या दिवशी तिच्यावर बसावंसं त्यांना वाटलं नाही. तो शुक्रवार होता.

रविवारी सकाळी साडूंची गाडी बिल्डिंगखाली येऊन उभी राहिली. साडूंनी हॉर्न दिला, खिडकीतून उशी वर करून दाखवली. भाऊसाहेब जाड तळाचे बूट घालून, खाली सोडलेल्या पँटीत, उंच झालेल्या सीटशेजारी उभे होते. गॅलऱ्या भरल्या होत्या.

वहिनी खाली आल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, मग भाऊसाहेबांकडे डोक्यापासून बुटांपर्यंत पाहिलं.

"हे सगळं माझ्यासाठी?"

"मग काय साडूंसाठी?" भाऊसाहेबांचा आवाज जरासा चिरकला. "नव्व्याण्णव मोजण्या घेतल्या. टेका लावला. दांड्या होत्या त्या कापल्या गेल्या, त्याला माझा इलाज नाही. आता आणखी काय टोचतंय ते तरी सांग."

"मला विचारलंत का कधी?"

"विचारलं की! सीट टोचते का म्हणून."

"सीटचं विचारलंत," वहिनी म्हणाल्या. "अहो, पहिल्यांदा मी हिच्यावर बसले आणि सवयीने तुमच्या खांद्यावर हात ठेवला. तुम्ही काय म्हणालात?"

भाऊसाहेबांना आठवेना. पुस्तिका मात्र पाठ होती. "पान चौदा," ते हळूच म्हणाले. "प्रवाशाने मागचा दांडा धरावा."

"'खांद्यावर हात नको, मागचा दांडा धर.' सव्वीस वर्षं जिथे हात ठेवला तिथून उचल म्हणालात. मग चार किलोमीटर मी ते थंडगार लोखंड धरून बसले होते. सामान बसल्यासारखी."

वरच्या गॅलरीतून दातांचे डॉक्टर पंधरा दिवसांनी पहिल्यांदा बोलले. "मी म्हणत होतो," ते म्हणाले, "एकदा विचारा."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एवढी साधी गोष्ट आपल्याला मोजता आली नाही, याची त्यांना लाज वाटली. आणि लाजेच्याही वर, अगदी लहान मुलाला वाटावा तसा आनंद झाला. "मग," ते म्हणाले, "आता ठेवतेस का?"

"आधी चढू तरी द्या. केवढी उंच केलीत ही!"

हेडबाईंनी वरून "शाबास" म्हटलं. साडूंनी उशी आत घेतली.

स्कूटर गावाबाहेर पडली. वहिनींचा हात डाव्या खांद्यावर होता. तिठा आला, साडूंची गाडी सरळ गेली, आणि वहिनींनी अंगठा किंचित दाबला. भाऊसाहेब काही विचार न करता डावीकडे वळले. पुढे चार बोटं दाबली गेली, ते उजवीकडे वळले. ढाळावर पुरता पंजा टेकला, त्यांनी वेग कमी केला. तिसऱ्या वळणानंतर त्यांनी एकदम स्कूटर कडेला घेतली.

"अगं, हे तू काय करतेस?"

"काय म्हणजे? रस्ता सांगते. नेहमीसारखा."

"नेहमीसारखा? सव्वीस वर्षं?"

"मग तुम्हाला काय वाटलं?"

भाऊसाहेबांना शीतगृह आठवलं, प्रसूतिगृह आठवलं. "मला वाटलं मला रस्ते माहीत आहेत," ते म्हणाले.

"तुम्हाला गिअर माहीत होते," वहिनी म्हणाल्या. "चला आता, ऊन चढतंय."

दीपगृहाशी पोचून दोघांचा चहा पिऊन झाला, वहिनींनी सीटबद्दलचा निकाल दिला ("बरी आहे, पण ही माझी नाही, हेडबाईंची आहे"), आणि मग पाऊण तासाने साडूंची गाडी आली. गाडीतली रस्ता सांगणारी बाई त्यांना एका दगडाच्या खाणीत घेऊन गेली होती. "तुम्हाला रस्ता कसा सापडला?" साडूंनी विचारलं. भाऊसाहेब डावा खांदा चोळत "असेल, असेल" असं काहीतरी म्हणाले. त्याचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता, पण त्यांना फार बरं वाटलं.

सोमवारी भाऊसाहेब माहितीपुस्तिका बरोबर घेऊन कचेरीत गेले. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी ती वहिनींच्या पुढ्यात ठेवली. पान चौदा उघडं होतं. 'प्रवाशाने मागचा दांडा धरावा' यावर लाल शाईची रेघ होती. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'प्रवाशाने चालकाचा डावा खांदा धरावा. पडताळणी केली. बरोबर आढळले.' खाली सही, आणि सहीवर खात्याचा गोल शिक्का.

वहिनींनी ते दोनदा वाचलं. मग शिक्क्यावरून बोट फिरवलं. शाई अजून ओली असावी, बोटाला लागली.

"किती दिवस चालतो हा शिक्का?" त्यांनी विचारलं.

"एक वर्ष. मग पुन्हा तपासून घ्यावं लागतं."

"मग पुढच्या वर्षी लांब कुठेतरी जाऊ," वहिनी म्हणाल्या. "आणि आता ते बूट काढा."